व्याह्यांची गाडी

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. साऱ्या खान्देशाला देवदर्शन घडवलं, पण बायकोला जामनेरच्या पुढे कधी नेलं नाही. रिटायर झाल्यावर मात्र एकच धोशा लावला, "ज्योती, तुले समुद्र दाखाडस." माझी पाठ कामातून गेलेली, बसून प्रवास झेपत नाही. म्हणून आत पलंग, शेगडी, बेसिन असलेली मोटरहोम घ्यायची ठरली.

अशा जुन्या गाड्या विकणारे धुळ्यात कोण, तर आमचेच व्याही, रुपचंदभाऊ. हायवेला त्यांचं मोठं दुकान. आमची एकुलती एक पुनम त्यांच्या घरात दिलेली, मग दुसऱ्याच्या दारात कसं जाणार? व्याह्यांच्या गाडीखाली वाकून बघणं म्हणजे त्यांच्या तोंडावर संशय घेणं. जन्मभर बसच्या खाली आडवा होऊन नटबोल्ट तपासणारा माणूस त्या दिवशी सोफ्यावर बसून सरबत प्यायला आणि किल्ली घेऊन आला. अस्सा राग आला होता मला! पण लेकीच्या सासरी मी तरी काय बोलणार?

समुद्राला निघालो आणि पारोळ्याच्या पुढे गाडी एका अंगाला ओढायला लागली. खालून कडकड आवाज आला. ह्यांनी कशीबशी कडेला घेतली. मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "नाना, ही अपघातातली गाडी आहे. चेसिस कापून जोडलंय, वरून रंग मारलाय." हे रस्त्याच्या कडेलाच खाली बसले. मी आत पलंगावर पडून नव्या पडद्यांकडे बघत होते. मला रडूच आवरेना.

रुपचंदभाऊंना फोन केला. म्हणाले, "जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार चालायचंच. घरातली गोष्ट घरातच ठेवा." म्हणजे फसवायच्या वेळी आम्ही गिऱ्हाईक आणि बोलायच्या वेळी घरचे! मी तडक मोहिनी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. अपघात लपवून गाडी विकणं ही फसवणूक ग्राहक आयोग खपवून घेत नाही. आपण जळगावात राहतो, तर इथेच तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. मेकॅनिकचा लेखी अहवाल लागेल. गाडी ठोकलेली आहे हे दुकानदाराला आधीपासून ठाऊक होतं, असं सांगणारं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

तक्रार तयार झाली. गाडी ह्यांच्या नावावर, त्यामुळे सही ह्यांची हवी. हे पेनला हात लावेनात.

"लेक दियेल शे तठे," एवढंच म्हणायचे. गाडी दारात उभी होती आणि हे तिच्याकडे पाठ करून चहा प्यायचे. मी भांडले, अबोला धरला. माझा समुद्र राहिला तर राहू दे. पण ह्या माणसाची मान खाली गेलेली मला बघवत नव्हती.

आणि परवा दुपारी पुनमचा फोन आला. स्पीकरवरच होता.

"आई, तू केस कर. मी सांगस आयोगसमोर. गाडी आणली तव्हय पुढला भाग पुरा चेपायेल व्हता. मी आंगणमा देखेल शे."

मला हुरूप आला. साक्षीदार मिळाला, तोही घरातला! पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तुले ठाऊक व्हतं?" ह्यांनी विचारलं. "आम्ही पैसा दिन्हात तव्हय?"

पुनम बारीक आवाजात म्हणाली, "सांगतू तर ह्या लोकेसनी माले घरमा ठेवं नसतं, नाना. पहिलेच दोन डाव बाहेर काढेल शे."

दोनदा बाहेर काढलं होतं माझ्या लेकीला. प्रत्येक सणाला हसत बोलायची फोनवर. मी आई असून मला कळलं नाही.

ह्यांनी फोन जवळ ओढला. "मंग आठे येवानं व्हतं ना, बेटा. तुन्हा बाप मरी गयथा का?"

"नाना," ती म्हणाली, "आते येऊ का?"

आपल्याच घरी यायला लेक परवानगी मागत होती. ह्यांना हो म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसती मान हलवत राहिले, हो, हो, हो. फोनवर मान दिसत नाही. तिकडे पुनम उत्तराची वाट बघत होती.