न हलणारा बिंदू

"अय्यो, अजून शर्ट पण घातला नाही? देवळात माणसं येऊन बसली की!" लक्ष्मीदेवी दारातून म्हणाली.

निवृत्ती टेबलाशी तसाच बसून होता. समोर त्याच्या लेखाची प्रुफं होती, सकाळच्या टपालाने परदेशातून आलेली. मंडी मोहल्ल्यातल्या विठ्ठलाच्या देवळात आज त्याचा सत्कार होता. म्हैसूरच्या शिंपी समाजातला एक मुलगा विद्यापीठात गणित शिकवतो आणि त्याचा शोध बाहेरच्या देशात छापला जातो, याचं सगळ्यांना अप्रूप होतं.

"चुकलंय ते," तो बायकोला म्हणाला.

"काय चुकलं?"

"सगळंच."

लग्नाच्या आधीपासून तो समीकरणांतून घडणाऱ्या वक्र पृष्ठभागांच्या, गणिती भाषेत पृष्ठांच्या, मागे होता. बीजगणितातल्या या पृष्ठांची बाकीची घराणी कधीच लावून झाली होती. उरला होता तो 'जनरल टाइप'चा अफाट जमाव. त्यातल्या प्रत्येक पृष्ठाला दोन ठरावीक संख्या चिकटलेल्या असतात, पण कोणत्या संख्यांचं पृष्ठ खरोखर आहे आणि कोणत्यांचं नाही, हे कुणालाच पुरतं माहीत नाही. अशा एका जोडीचं पृष्ठ आपण घडवलं, असं निवृत्तीला वाटलं होतं. मोठं पृष्ठ घ्यायचं, आणि त्याच्या सममितींनी जे बिंदू एकमेकांच्या जागी जातात, ते एकच मानायचे. अट इतकीच, की कुठल्याही सममितीत एकही बिंदू जागच्या जागी राहता कामा नये. राहिला, तर तिथे पृष्ठ चुरगळतं आणि संख्या हातातून निसटतात.

आज प्रुफं वाचताना दिसलं, की एका ठिकाणी ज्या राशीने त्याने बिनधास्त भागलं होतं, ती शून्यही असू शकते. त्याने शून्य धरून पाहिलं. न हलणारा बिंदू समोर येऊन उभा राहिला.

देवळाच्या पायरीवर त्याने विभागप्रमुख गुरुराजांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"छापून येऊ दे. दुरुस्ती मागून पाठवता येते."

"दुरुस्त होत नाही, सर. पृष्ठच उरत नाही."

"तुमच्या रीडरच्या जागेचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय, मारायरे! हा लेख गेला तर तुमच्याकडे दाखवायला आहे काय? आज सुम्ने, गपचूप हार घालून घ्या. इथं कुणाला कळणार आहे?"

ते रागाने बोलत नव्हते. काळजीने बोलत होते, आणि तेच निवृत्तीला जड गेलं.

सतरंजीवर पहिल्याच रांगेत त्याचे वडील वेंकटरमण नवा सदरा घालून बसले होते. पलीकडे बायकांत आई सोयराबाई. अध्यक्षांनी शाल उलगडली तसा निवृत्ती उठला.

"शाल नको. ज्याच्यासाठी हा सत्कार आहे, ते चूक निघालं. माझी चूक. लेख मी मागे घेतोय."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि देऊळ टाळ्यांनी भरून गेलं. हा भाषणातला विनय असेल असं लोकांना वाटलं. सगळ्यांत जोरात टाळ्या सोयराबाईच्या होत्या. तिच्याकडे बघवेना म्हणून निवृत्तीने मान खाली घातली. वेंकटरमण तेवढे टाळ्या न वाजवता उठले आणि चपला शोधू लागले.

तो मागोमाग निघाला. बाजारातून दोघं चालू लागले.

"चार माणसांत सांगायचं जरूर होतं?" वडिलांनी विचारलं.

"होतं, अप्पा."

"मग ती जागा?"

"मिळणार नाही बहुतेक."

वेंकटरमण एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. मुलाच्या गणिताबद्दल त्यांनी आजवर एक प्रश्न विचारला नव्हता.

"कुठं बिघडलं ते सांग."

निवृत्तीने सांगितलं. सोपं करून सांगितलं.

"नाही कळलं," वेंकटरमण म्हणाले. ते जरा सरकले आणि शेजारच्या जागेवरची धूळ त्यांनी हाताने झटकली. "बैस. परत सांग. घरी तुझ्या अम्माला मलाच सांगायला पाहिजे."

निवृत्ती बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. बाजाराची गर्दी दोघांना वळसा घालून जात राहिली.