तासाची मोजणी

सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत ताईच्या खिडकीखालून सरासरी एकशे चौदा वाहनं जातात, आणि त्यातलं एकही वाकून बघण्याच्या लायकीचं नाही. दुधाची व्हॅन, शाळेच्या दोन बस, फर्निचरच्या कारखान्याचा टेम्पो, दंतवैद्याची निळी गाडी आणि बाकी सगळी पांढरी नाहीतर करडी प्रजा. हा आकडा कुणी खोटा ठरवून दाखवावा, ताई पैज लावायला तयार आहे. पाच वर्षं त्या खिडकीशी काढल्यावर माणसाला एवढं तरी यायलाच हवं.

खिडकीच्या डाव्या हाताला आईची कॉट, उजव्या हाताला टेबल आणि त्यावर संगणक. आईची उजवी बाजू पाच वर्षांपूर्वी एका सकाळी गेली ती गेलीच. बोलणं तेवढं परत आलं, तेही अडखळत. टेबलाशी बसून ताई विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासते. पोचा नवा की जुना, फोटो सांगितलेल्या दिवशीचा की आधीचा, रस्ता तोच की भलताच, हे तिला दोन मिनिटांत कळतं. पूर्वी हेच काम ती गावोगाव फिरून करायची. बूट झिजायचे, ऊन लागायचं, कटकट वाटायची. आता त्या कटकटीच्या आठवणीनं तिला गहिवरून येतं, म्हणजे बघा.

कामातून उरलेल्या वेळात ती पंच होती.

‘गाडीदर्शन मंडळ’ नावाचा फोनवरचा एक ग्रुप होता. रिकामटेकड्यांचा म्हणा हवं तर, ताईची हरकत नव्हती. रस्त्यात कुणाला भारीतली, बुटकी, डरकाळ्या फोडणारी गाडी दिसली की त्यानं फोटो पाठवायचा, आणि ती गाडी त्या जागी दिसणं किती दुर्मिळ, याचे शंभरापैकी गुण पंचांनी द्यायचे. पंच दोघं. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि दुसऱ्या आमच्या ताई. पोस्टमास्तर नियमाचे पक्के होते आणि ताई हट्टाची, त्यामुळे मंडळात भांडणं रंगत. ती ऐकायलाच निम्मे सभासद येत असावेत.

सगळ्यात जास्त भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. बंदरावरच्या बड्या शहरातून कुणीतरी लालभडक गाडीचा फोटो मोठ्या हौसेनं पाठवायचा आणि ताई चार गुण द्यायची. तीच गाडी मिठागरांच्या गावात दिसली तर एक्याण्णव. मग पहिला तावातावानं विचारायचा, “अहो पंचबाई, गाडी तीच, मग गुण वेगळे कसे?”

“गाडीला गुण देतंय कोण? जागेला देते मी,” ताई लिहायची. “जिथे पिकतं तिथे विकत नाही, दादा. तुमच्याकडे त्या गाडीसाठी कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही.”

जागेची किंमत ठरवायची तिची रीत साधी होती. साध्या कामाच्या दिवशी, गावातल्या मोठ्या नाक्यावर, एक तास उभं राहायचं आणि काय काय जातं ते मोजायचं. याला मंडळात ‘तासाची मोजणी’ म्हणत. ट्रेलरवर लादून आणलेली गाडी धरायची नाही. प्रदर्शनाला आलेली धरायची नाही. आणि ज्याचा त्या जागेत काही मतलब गुंतला असेल, त्याची मोजणी तर अजिबात घ्यायची नाही. हा शेवटचा नियम ताईनंच घालून दिला होता. अशा ऐंशी-पंच्याऐंशी जागांच्या मोजण्या तिच्या वहीत होत्या. कुठल्या गावात सकाळी धूळ उडते, कुठल्या शहरात सिग्नलला कोण थांबत नाही, सगळं तिला तोंडपाठ. ती स्वतः मात्र पाच वर्षांत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. बुधवारी शेजारच्या काकू पाऊण तास आईजवळ बसत, तेवढीच तिची मोकळीक. पाऊण तासात माणूस जाणार कुठे आणि येणार कधी? कधीकधी औषधं घेऊन झाल्यावर ती दुकानाच्या पायरीवर नुसती उभी राहायची, आणि मग घड्याळ बघून घराकडे वळायची.

हे कायमचं नव्हतं, निदान ठरलं तरी तसं होतं. आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी धाकट्या भावानं जिन्यात तिचा हात धरून सांगितलं होतं, “पाच वर्षं तू, ताई. मग पाच वर्षं मी. शब्द आहे माझा.” त्याची नवी नोकरी होती, धरणाच्या कामावर. ताईनं मान डोलावली. ती पाच वर्षं या महिन्याअखेरीस भरत होती. आणि योग असा की कंपनीच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं होतं: तपासनिसांच्या प्रमुखाची जागा रिकामी आहे, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसऱ्याला घेऊ. मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात. तिथलं काम खुर्चीतलं नव्हतं, हिंडायचं होतं. ताईनं ते पत्र इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

धाकटा म्हणत होता, जमेल असं वाटत नाही. “ताई, अगं इथून निघायचं म्हणजे दिव्य आहे. रस्ता म्हणजे नुसता चिखल. डंपर सोडले तर आठवड्यातून एक जीप. रजा मागितली की साहेब अंगावर येतो. आणखी एक वर्ष काढ ना कसंतरी.” सोबत चिखलाचे फोटो. ताईला त्याची कीवच यायची. पोरगं बिचारं कुठे जाऊन अडकलंय! धरणाच्या त्या वसाहतीला तिनं वहीत अठ्ठ्याण्णव गुण लावून ठेवले होते. इतकी आडबाजूची जागा तिच्या वहीत दुसरी नव्हती.

एकोणीस तारखेला त्याच वसाहतीतून फोटो आला.

पाठवणारा होता ‘ब्रेकफेल’. हे त्यानं स्वतःच घेतलेलं नाव. माणूस बसचा ड्रायव्हर होता, तेव्हा प्रवाशांना हे नाव कळू नये अशी सगळ्यांचीच इच्छा होती. त्याचा मार्ग नुकताच बदलला होता. फोटोत एक नारिंगी गाडी, गुडघ्याएवढी उंच, दारं पंखासारखी वर उघडलेली. ताईनं वही काढली, जागा बघितली आणि ठोकून दिले अठ्ठ्याण्णव. वर्षातले सगळ्यात जास्त. ब्रेकफेलनं आनंदानं अकरा हॉर्नची चित्रं पाठवली.

दहा मिनिटांत पोस्टमास्तर आले. “पंचबाई, या जागेची मोजणी कुणाची?”

“माझ्या भावाची. तो तिथेच राहतो.”

“म्हणजे मतलबी.”

“त्याला आपल्या गुणांशी काय करायचंय, काका? त्याला सायकल आणि मोटार यातला फरक कळला तरी पुष्कळ झालं.”

“नियम तुमचाच आहे,” पोस्टमास्तरांनी लिहिलं. “जिथला माणूस, तिथली मोजणी नको, हे तुम्हीच मला सुनावलं होतं. ब्रेकफेल, उद्या तुमची बस तिथे किती वेळ उभी असते?”

“सव्वा तास.”

“मग उभे राहा नाक्यावर.”

ताईला राग आला, पण नियम तिचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला चमच्यानं सूप भरवत होती तेव्हा मोजणी आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात फोन. एका तासात तीनशे एक्केचाळीस वाहनं. त्यात मोठ्या गाड्या साठ, पर्यटकांच्या बस अकरा, आणि नारिंगी गाडीच्या जातीच्या आणखी दोन. खाली ब्रेकफेलनं लिहिलं होतं, “बाई, माझं हसं झालं. दीड वर्षापूर्वी चौपदरी रस्ता झालाय. तलावाकाठी दोन टोलेजंग हॉटेलं आहेत, असल्या गाड्या तिथे रोज येतात. बाय द वे, तुमच्या गावची बस इथून दिवसाला दोनदा सुटते. सकाळची सहाला निघते. साडेचार तास.”

ताईनं आईचं तोंड पुसलं. मग शांतपणे अठ्ठ्याण्णव खोडून सहा केले आणि मंडळात तसं जाहीर केलं. पंचाचा हात आधी चालला, बहिणीला कळायला थोडा वेळ लागला.

साडेचार तास.

तिनं धाकट्यानं पाठवलेले फोटो पहिल्यांदाच नीट उघडले. जगातल्या प्रत्येकाचा फोटो ती तपासायची, पण भावाचे फोटो कुणी तपासतं का? डाव्या दिव्याची काच फुटलेला डंपर हिवाळ्यातल्या फोटोत होता. उन्हाळ्यातल्या फोटोतही तोच डंपर, तेच डबकं, आणि डबक्यात तीच आडवी पडलेली फळी. एकाच दिवशी काढलेले फोटो तो दीड वर्ष हप्त्याहप्त्यानं पाठवत होता. अनोळखी माणसानं असं केलं असतं तर ताईनं दावा दोन मिनिटांत फेटाळला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला आधी हसू आलं आणि मग तिनं वाटी धाडकन खाली ठेवली.

तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि फोन केला.

“रस्ता झाला म्हणे तुमच्याकडे,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“तीनशे एक्केचाळीस गाड्यांनी. दीड वर्ष, अरे! मला वाटत होतं तू अडकलायस. मी तुझी कीव करत होते. तोंडावर सांगायचं होतंस, येत नाही म्हणून. निदान मी वाट तरी बघितली नसती.”

“ताई, मी निघालो होतो. खरंच सांगतो. रस्ता झाला त्याच महिन्यात. म्हटलं, पाच वर्षं कशाला भरू द्यायची, आधीच सोडवू तुला. बॅग भरली होती.”

“मग बॅगेला पाय फुटले का?”

“आई म्हणाली येऊ नकोस.”

ताई ओट्याला टेकली.

“रविवारी तू फोन तिच्या कानाशी ठेवून कपडे धुवायला जातेस ना, तेव्हा,” धाकटा म्हणाला. “मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यात येतोय. तर रडायला लागली. म्हणाली, तू आलास की ती जाईल, आणि एकदा गेली की परत यायची नाही. ताईला सांग रस्ता खराब आहे. सांगशील ना, असं तीनतीनदा विचारलं तिनं.”

“आणि तू ऐकलंस.”

“ऐकलं. खोटं नाही बोलत आता. ऐकल्यावर सुटल्यासारखं वाटलं मला. त्या खोलीची भीती वाटते गं.”

“मलाही वाटते,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

दर रविवारची ती वीस मिनिटं. मायलेकांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून ती मुद्दाम नळ मोठा सोडायची.

ती खोलीत आली. आईनं दाराकडेच डोळे लावले होते. घर लहान, दारं पातळ, आणि कान शाबूत होते.

“तू सांगितलंस त्याला?” ताईनं विचारलं.

आईनं नाकारलं नाही. डाव्या हातानं चादरीची कड धरली. “हो.”

“का गं आई?”

“भीती वाटली.” शब्द एकेक करून आले. “त्याला... जमायचं नाही. तुझा हात... वेगळा आहे.”

पाच वर्षांत ताई आईवर कधी ओरडली नव्हती. आता तिला ओरडायचं होतं. त्या कॉटवरच्या हाडांच्या मोळीकडे बघून ओरडणार तरी काय? राग खरा होता आणि त्या म्हातारीची भीतीही खरी होती, आणि दोन्ही एकाच दहा बाय बाराच्या खोलीत कोंबलेली होती. आपल्याला इथे कोंडणारी स्वतःच इथे कोंडलेली आहे, हे तिला दिसत होतं. त्यानं राग मात्र कमी होत नव्हता.

“मी जाणार आहे,” ती म्हणाली. “त्याला रविवारच्या सकाळच्या बसनं बोलावते. साडेदहाला तो इथे असेल. चार दिवस आम्ही दोघं मिळून बघू. एक तारखेला मी तिकडे हजर होणार.”

“परत... येशील?”

हो म्हणायला काय जात होतं? जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची. पण गेलं दीड वर्ष तिला सगळ्यांनी गोड बोलूनच बसवून ठेवलं होतं.

“भेटायला येईन, नक्की येईन,” ती म्हणाली. “राहायला येईन की नाही, ते नाही सांगता येत.”

आईनं मान भिंतीकडे वळवली. ताई टेबलाशी जाऊन बसली. कचेरीला दोन ओळी लिहिल्या: पत्र मिळालं, एक तारखेला हजर होते. भावाला एक ओळ लिहिली. उत्तर लगेच आलं, “येतो.” ते खरं की खोटं हे रविवारी साडेदहालाच कळणार होतं. खाली रस्त्यावरून शाळेची बस गेली, तिनं बघितलंही नाही. तासभर गेला असेल, आईनं हाक मारली.

“ऐक.”

“काय गं? पाणी देऊ?”

आई अजून भिंतीकडेच बघत होती. “मला कूस बदलून देताना... तू आधी खांद्याखाली हात घालतेस. मग कमरेखाली.”

“हो.”

“ते त्याला... नीट शिकवून जा. तो लहानपणापासून... धसमुसळा आहे.”

ताई उठून कॉटपाशी गेली, आईचा चांगला हात हातात घेतला आणि जमिनीवर बसून रडली.