कागद सोडून काहीही

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणून थट्टा करू नका हं, माझं तोंड फार चालतं! शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या लांब टेबलावर माझा मुक्काम असतो. कोटाचं जाड कापड असो की तलम अस्तर, मी एका दमात पार करते.

लोहाराने मला घडवलं तेव्हा दुकानाचे मालक, म्हणजे आपले आजोबा, ऐन तारुण्यात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा केला, ही कात्री फक्त कापडाला. कागद कापला की धार जाते. एकदा त्यांच्या मुलाने माझ्याकडून पतंगाचा कागद कापून घेतला. पतंग राहिला बाजूला, बिचाऱ्याचा कानच आभाळाला भिडला!

तो मुलगा आता बँकेत नोकरी करतो आणि दुकानात येते त्याची मुलगी. आल्या आल्या ती कानात गाणी खुपसते, स्टुलावर मांडी ठोकते आणि मान डोलवत काम करते. आजोबांच्या कपाळावर आठ्याच आठ्या!

"आम्ही काम शिकत होतो तेव्हा मालकांसमोर खोकायचीही चोरी होती," ते म्हणत.

"आजोबा, मला बेतायला द्या ना एकदा."

"आधी नीट बसायला शीक. मग कात्री."

पोरगी काजं-बटणं करत राहिली. इकडे आजोबांचा अंगठा दुखू लागला होता. गिऱ्हाइकं परत जात होती आणि मी दिवसचे दिवस नुसती पडून होते. मला फार वाईट वाटायचं. हिच्या हातात मी कधी जाणार, की तशीच गंजणार?

परवा दुपारी चहा आला. बिस्किटांचा पुडा काही केल्या फुटेना. आजोबांना दम कुठला! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क मला उचललं. पुड्याचा कागद माझ्या पात्यांत आला. माझा जीव टांगणीला लागला.

"आजोबा! कागदाला?"

नात उडी मारून आली आणि तिने त्यांचा हातच धरला. आजोबांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

"बाबांनी. त्यांचा कान अजून दुखतो म्हणे!"

आजोबा इतके हसले, इतके हसले, की कवळी पडायचीच बाकी राहिली. डोळे पुसत त्यांनी मला तिच्यापुढे धरलं.

"घे. टेबलावरचं ते कोटाचं कापड तूच बेत. मांडी घालून बेत, नाहीतर डोक्यावर उभी राहून बेत!"

तिने बेतला. खडूची रेघ तसूभरही सुटली नाही. मान मात्र डोलतच होती, आणि थोड्या वेळाने आजोबांचा पायही ठेका धरू लागला. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं!

म्हणून सांगते मित्रांनो, मला तेलाचा थेंब देत जा, वेळेवर धार लावत जा आणि कामाला जुंपा. वापराविना मलाही गंज चढतो, पोरांनाही. आणि हो, कागद कापायला दुसरी कात्री शोधा. आजोबांनाही मी हेच सांगणार होते, पण नातीने मला बोलूच दिलं नाही.