बूट बाहेर

महाळुंग्यातल्या सोनबांच्या चाळीत एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. दाराबाहेर कंपनीचे सेफ्टी शूज उंबऱ्याला लागून ठेवलेले असले आणि त्यांची टोकं गल्लीकडे वळवलेली असली, की त्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलाय असं समजायचं. मग कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायचा, बादली फरशीवर आपटायची नाही, भांडायचंच असेल तर नळावर जाऊन भांडायचं. बूट आडवेतिडवे पडलेले असले तर माणूस नुसताच घरात आहे, खुशाल हाक मारावी. चाळीतलं पोर बोलायला लागायच्या आधी हे शिकायचं.

त्याच चाळीच्या शेवटच्या खोलीत वर्षालीची बालवाडी भरे. वर्षाली परभणीकडची. नवरा रविराज चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंगच्या लाइनवर होता, त्याच्यामागे ती इथे आली आणि एका संस्थेच्या मदतीने तिने ही बालवाडी सुरू केली. पोरं हुशार होती. रंग, आकार, नट आणि बोल्टमधला फरक, सगळं त्यांना यायचं. पण मागच्या वर्षी संस्थेच्या एक पाहुण्या आल्या, अर्धा तास बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "गोड आहेत हो मुलं. पण फार दबलेली वाटतात." वर्षालीने त्यांना चहा दिला, हसून निरोप दिला आणि घरी येऊन कणीक अशी तिंबली की रविराजने विचारलं, "पोळ्या करायच्यात की कुणाला मारायचंय?"

'दबलेली' हा शब्द तिच्या मनात रुतून बसला होता. म्हणून 'गट्टी'कडून फोन आला तेव्हा तिने एका दमात हो म्हटलं.

'गट्टी' ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सरकारी वाहिनी. चाळीतल्या बायकांचा तिच्यावर फार जीव, कारण तिच्यावर जाहिराती नव्हत्या, म्हणजे चॉकलेटसाठी जमिनीवर लोळण घेणंही नव्हतं. तिच्यावर 'आमच्याकडची सकाळ' नावाचा कार्यक्रम लागे. दर भागात एक गाव, तिथली मुलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून म्हटलेलं सकाळचं गाणं. आता चाकणची पाळी होती. कार्यक्रम करणाऱ्या स्वरूपाने फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "मुलं बोलकी आहेत ना, ताई? मागे एका ठिकाणी कॅमेरा बघून सगळ्यांचे पुतळे झाले. शेवटी पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतल्या प्लेस्कूलमध्ये जाऊन वेळ भागवली."

"बोलकी?" वर्षाली म्हणाली. "मॅडम, तुम्हीच हात जोडून म्हणाल, आता गप्प करा यांना."

स्वरूपाने गाणं मोबाइलवर पाठवलं.

*ऊठ रे कोंबड्या, दे की बांग,*
*ऊठ रे वाऱ्या, झाडांना सांग,*
*ऊठ रे गावा, सकाळ झाली,*
*सूर्याची गाडी दारात आली!*

चाळीत ते म्हणणं शक्यच नव्हतं. वर्षाली रोज मुलांना मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेई. पोरं तिथे असा गळा काढत की बाभळीखालची कुत्री उठून दुसरीकडे जात, आणि पलीकडच्या वर्कशॉपचा वॉचमन काठी घेऊन बघून गेला. नूरमोहम्मद फिटरची साबिया तर 'दारात आली' म्हणताना दोन्ही पायांनी उडी मारायची. वर्षालीला वाटलं, आता बघू कोण दबलेलं म्हणतं ते.

राहिला रात्रपाळीवाल्यांचा प्रश्न. तो चाळीच्या मालकांनी, सोनबांनीच सोडवला. "समद्यांना माज्या घरी निजवा. हॉल हाय, कूलर हाय. फकस्त घोरायचं न्हाई, म्हातारी घाबरती."

"सोनबा, घोरणं माझ्या हातात नाही," नूरमोहम्मद म्हणाला. "कंपनीची मशीन आहे, आपोआप चालू होते."

शूटिंगच्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं उशा काखेत मारून सोनबांच्या घराकडे गेली. चाळीत एकाही दाराबाहेर बूट उरले नाहीत. वर्षालीने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन खात्री केली.

गाडी आली. स्वरूपा उतरली, तिच्यामागे ध्वनिमुद्रण करणारी परवीन आणि कॅमेरा सांभाळणारा बुद्धरत्न. आत सतरंजी होती, म्हणून वर्षालीने पायताणं बाहेर काढायला सांगितली. बुद्धरत्नच्या पायात जाडजूड काळे सेफ्टी शूज होते.

"तुम्ही आधी कंपनीत होता का, दादा?"

"छे हो ताई. दोनदा पायावर ट्रायपॉड पडला. तिसऱ्यांदा पडायच्या आत हे घेतले." त्याने बूट काढून तसेच भिरकावले आणि कॅमेरा घेऊन तो आत गेला.

वर्षाली त्याच्यामागून गेली. जाता जाता वाकून तिने ते बूट उचलले, जोडीने उंबऱ्याला लावले आणि पदर खोचून कामाला लागली. रविराजचे बूट ती रोज असेच ठेवायची. हाताने काय केलं ते डोक्याला कळलंही नाही.

मग मुलं आली. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. गल्लीतून येताना त्यांचा गलका ऐकू येत होता. दाराशी तो थांबला. एकेक जण आत येऊन हळूच सतरंजीवर बसला.

"शिस्त छान आहे," स्वरूपा हसली. "चला, एक, दोन, तीन!"

मुलांचे ओठ हलले. हात वर गेले, कोंबड्याचे तुरे झाले, वाऱ्याची झाडं झाली. साबियाने उडी मारली तीसुद्धा चवड्यांवर, मांजरासारखी. आवाज मात्र नव्हता. परवीनने कानावरचा हेडफोन काढून उलटसुलट पाहिला. "बॅटरी गेली की काय? मला नुसता पंखाच ऐकू येतोय."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी स्वरूपाने स्वतः नाचून दाखवलं, "जोराऽऽत!" म्हणून ओरडली. मुलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने काहीतरी मोठा गुन्हा केलाय. समर्थ नावाच्या एका गुटगुटीत मुलाने तर ओठावर बोट ठेवून तिला खूण केली.

स्वरूपाने वर्षालीला बाजूला घेतलं. बोलणं मऊ होतं, तेच जास्त लागलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. मुलांचा काही दोष नाही. थोडी दबलेली असतात कामगार वस्तीतली मुलं. आज जेवणाच्या आत मला गाणं हवंच आहे, नाहीतर त्या सोसायटीवाल्यांना फोन करावा लागेल."

पुन्हा तोच शब्द. वर्षालीच्या कानशिलात रक्त चढलं. ती मुलांकडे वळली आणि भरल्या आवाजात म्हणाली, "अरे, काल प्लॉटवर बोंबलत होतात ना? आज काय मिठाची गुळणी धरलीय सगळ्यांनी?"

साबिया उठली. ताईचा पदर ओढून तिने तिला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड नेलं.

"ताई, हळू बोल ना. आत कोन झोपलंय?"

"कोण झोपलंय? कुणी नाही झोपलेलं."

"मग बूट?"

वर्षालीने दाराकडे पाहिलं. उंबऱ्याला लागून काळे सेफ्टी शूज, जोडीने, टोकं गल्लीकडे. ते तिथे कुणी ठेवले हे तिला क्षणभर आठवेना. मग आठवलं, आणि ती मटकन खालीच बसली. आधी तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, आणि ते काही केल्या थांबेना. हसत हसतच तिने चाळीचा नियम पाहुण्यांना सांगितला.

"म्हणजे माझ्याच बुटांनी माझं शूटिंग बंद पाडलं?" बुद्धरत्न म्हणाला. तो बाहेर गेला, बूट हातात घेऊन आला आणि मुलांपुढे उभा राहिला. "हे बघा. बूट माझे. मी जागा आहे. डोळे बघा, सताड उघडे."

समर्थने जवळ येऊन त्याचे डोळे तपासले. "जागा आहे," त्याने सगळ्यांना सांगितलं.

मग जे गाणं झालं त्याने पत्रा थरथरला. परवीनने दोन्ही हातांनी हेडफोन उपटून काढला. "बास, बास! माझे कान!" वर्षाली भिंतीला टेकून उभी होती. तिला हवं ते मिळालं होतं. आता कॅमेरा बंद करून सगळ्यांनी पोहे खाल्ले असते तरी तिची काही तक्रार नव्हती.

पण स्वरूपाला पोह्यांची घाई नव्हती. ती मुलांमध्ये मांडी घालून बसली. "आणि बूट बाहेर असले, की तुम्ही दिवसभर काय करता?"

"मांजरीचं गाणं," मुलं म्हणाली, आणि विचारायची वाट न बघता सुरू झाली. गाणं कुजबुजीत होतं, सगळी गंमत हातात आणि चेहऱ्यावर.

*मांजर आली, पाय न वाजवता,*
*दूध प्यायली, भांडं न हलवता,*
*मिशा पुसल्या, घंटी न किणकिणता,*
*खुदकन हसली, दात न दाखवता!*

शेवटी सगळी ओठ मिटून हसली. खांदे गदगदत होते, गाल फुगले होते, आवाजाचा मागमूस नव्हता. स्वरूपा बुद्धरत्नकडे वळली. "हे घ्यायचं."

"नाही," वर्षाली म्हणाली. "हे नको, मॅडम."

"का?"

"तुम्ही याच्यामागे बासरी लावणार. रडकी. लोक बघून म्हणणार, बिचारी पोरं, यांना हसायचीसुद्धा चोरी. माझी पोरं बिचारी नाहीत."

"मघाशी मी दबलेली म्हणाले, ते चुकलंच माझं," स्वरूपा म्हणाली. "पण रडक्या बासरीचं म्हणाल, तर ती आमच्याकडे चालत नाही. तीन वर्षांचा प्रेक्षक फार कडक असतो. रडकं वाजलं की उठून जातो. तुम्ही सांगा, कसं दाखवू?"

वर्षालीने ते गाणं मुलांना गप्प बसवायला रचलं होतं, मिरवायला नव्हे. ते मिरवण्यासारखं आहे असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पोरांनाच विचारा. ती सांगतील तसं."

कॅमेरा चालू झाला. स्वरूपाने साबियाला विचारलं, "तुम्ही हळू का गाता गं?"

"कारन अब्बा रात्री गाड्या बनवतात," साबिया म्हणाली. इतकी साधी गोष्ट या मोठ्या बाईला कशी माहीत नाही, असा तिचा चेहरा होता. "सगळे झोपतात ना, तवा. मग सकाळी आमची ड्यूटी."

"तुमची कसली ड्यूटी?"

"अब्बा गाड्या बनवतात. आमी झोप बनवतो."

बुद्धरत्नने कॅमेऱ्यामागून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वर्षभर वर्षाली ज्या एका शब्दाशी मनातल्या मनात भांडत होती, त्याला साबियाने असं चुटकीसरशी उत्तर दिलं होतं.

मग साबियाने बुद्धरत्नचे बूट स्वतः बाहेर नेऊन ठेवले, टोकं सारखी केली, आणि मांजरीचं गाणं पुन्हा झालं. पंखा बंद करावा लागला. पलीकडच्या वर्कशॉपमधल्या प्रेसचा धप्प धप्प आवाज येऊ लागला, तेव्हा वर्षालीने घाबरून परवीनकडे पाहिलं. "राहू दे," परवीनने हातानेच खुणावलं. "ताल आहे तो."

कार्यक्रम लागला त्या सकाळी सोनबांनी आपला टीव्ही उचलून बालवाडीत आणला. नूरमोहम्मदची रात्रपाळी होती, इतर चारसहा जणांचीही. ती माणसं आपापल्या खोल्यांत झोपली होती आणि आवाज अगदी बारीक ठेवायचं ठरलं होतं. संध्याकाळी पुन्हा दाखवतील तेव्हा ती बघणार होती. मुलांनी शप्पथ घेतली होती. कोंबड्याचं गाणं त्यांनी हाताची घडी घालून पाहिलं. पण मग मांजरीचं गाणं आलं, आणि पडदाभर समर्थचे फुगलेले गाल दिसले.

"मीऽऽ!" समर्थ किंचाळला.

"तो मीऽऽ! ताई, मी बघ! मी!" बाकीचीही ओरडू लागली.

वर्षालीचं बोट सवयीने ओठांकडे गेलं. अर्ध्यावर तिने ते थांबवलं आणि हात खाली घेतला. ओरडू देत, तिला वाटलं. एक दिवस चाळीला कळू दे.

धडाधड दारं उघडली. नूरमोहम्मद लुंगी सावरत, सुजलेल्या डोळ्यांनी पळत आला. "काय झालं? आग लागली का कुठं?"

"आग न्हाई रं," सोनबा म्हणाले. "तुजी पोरगी लागलीया टीव्हीवर. हितं ये, हितं."

मागोमाग बाकीचे आले. बनियनवर, उघडे, एकाच्या खांद्यावर चादर तशीच. दारात गर्दी झाली. पडद्यावर साबियाचा चेहरा आला आणि मुलं आपसूक गप्प झाली. प्रेसच्या तालावर, बारीक आवाजात, ती सांगत होती, अब्बा गाड्या बनवतात, आमी झोप बनवतो.

नूरमोहम्मदने तोंडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग मागे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलं का रे? माझी पोरगी प्रॉडक्शनला आहे!"

"पर्मनंट केली का नाही तिला?" कुणीतरी मागून विचारलं, आणि हशा पिकला.

"जा, झोपा आता भाईजान," वर्षाली म्हणाली. "आज पुन्हा रात्रपाळी आहे ना?"

"झोप गेली आजच्या दिवस, ताई." तो सरळ सतरंजीवर आला आणि सगळ्यात पुढे, टीव्हीसमोर मांडी घालून बसला. एवढा धिप्पाड माणूस. मागच्या निम्म्या मुलांना पडदा दिसेनासा झाला.

"अब्बाऽऽ," साबिया ओरडली, पार गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल अशा आवाजात. "डोकं खाली घ्या! बाकीच्यांना दिसत न्हाई!"

त्याने निमूट डोकं खाली घेतलं.