खांब नंबर त्रेचाळीस

सरकारी पुलांच्या कठड्यांवर हातोडी मारत फिरायचं, हे त्याचं काम. खांबाला एक ठोका द्यायचा, कान लावायचा आणि तक्त्यात लिहायचं. लोखंड धड असेल तर 'खणखणीत', आतून गंजलं असेल तर 'बद्द'. यावरून कचेरीत त्याला सगळे ठोक्या म्हणत आणि तोही निमूट ओ देई. गंमत एवढीच, की गेल्या चार वर्षांत ठोक्याने औषधालासुद्धा ठोका मारला नव्हता. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तो पंख्याखाली बसायचा आणि बाराही महिन्यांचे तक्ते एका बैठकीत भरून मोकळा व्हायचा. तारखा, सह्या, सगळं. प्रत्येक खांब खणखणीत. खात्यातले सगळेच तपासनीस हेच करत, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे.

मग एका सकाळी चौकातल्या पादचारी पुलाच्या जिन्यावर त्रेचाळीस नंबरचा खांब कठड्यासकट एका बाईच्या हातात आला. बाई अकरा पायऱ्या गडगडत खाली आली. उजव्या कोपराचा चुरा झाला, नस तुटली. ती ठोक्याची थोरली बहीण होती.

ताई शिवणकाम करायची. आईवडील गेल्यावर मशीन चालवून तिनेच याला वाढवला, शिकवला, नोकरीला चिकटवला. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, "सहा महिन्यांच्या आत नस जोडली तर हात चालेल. नंतर मी काहीच करू शकणार नाही." ऑपरेशनचा खर्च दोघांच्याही आवाक्याबाहेरचा. म्हणून ताईने सरकारवर दावा लावला आणि साक्षीदार म्हणून भावाचंच नाव दिलं.

"तो पूल तूच बघतोस ना?" ती म्हणाली. "मग तुझ्याइतकं खरं कोण सांगणार?"

ठोक्याने मान हलवली. त्याला खरंच सांगायचं होतं, हेही इथे नोंदवायला हवं. दोन रात्री त्याला झोप नव्हती आणि तिसऱ्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं होतं, की काय व्हायचं ते होवो.

चौथ्या दिवशी कायदा विभागाच्या साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब सभ्य माणूस. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, आणि कचेरीत शिपायाच्या वरचा आणि साहेबांच्या खालचा माणूस खुर्चीत बसला की समजावं, आता त्याचं काही खरं नाही.

"नियम साधा आहे," साहेब म्हणाले. "तपासणी वेळेवर झाली आणि खांब चांगला निघाला, तर तो अपघात. सरकारचा दोष नाही. तपासणी झालीच नसेल, तर सरकारने भरपाई द्यायची." मग त्यांनी एक तक्ता पुढे सरकवला. "हा बघा. खांब नंबर त्रेचाळीस, खणखणीत. खाली तुमची सही. तारीख वाचा."

तारीख ताई पडली त्याच्या पुढच्या महिन्याची होती. खांब तेव्हा पोलिसांच्या आवारात आडवा पडलेला होता.

"हा कागद तुमच्या बहिणीच्या हाती लागला तर ती जिंकलीच," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही आत जाल. खोटा सरकारी दस्तऐवज. घरी दोन मुली आहेत ना तुमच्या?"

"आहेत."

"मग मी हा फाडतो. सुनावणीत काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी कागदाचे चार तुकडे केले आणि घंटी वाजवून दोन चहा मागवले. ठोक्याने चहा घेतला. नको म्हणता आलं असतं, पण त्याने घेतला.

भरपाई समितीसमोरच्या सुनावणीत ताई पहिल्या रांगेत बसली होती. हात गळ्यातल्या झोळीत. तिने भावाकडे बघून धीर दे‌णारं स्मित केलं, कारण तो लहानपणापासून चारचौघांत बोलायला घाबरायचा.

"तुम्ही त्या खांबाला ठोका मारला होता?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"आवाज कसा आला?"

"खणखणीत."

"मग तो निखळला कसा?"

ठोक्याने जमिनीकडे पाहिलं. "जोरात ओढला असेल," तो म्हणाला. "लोक लोंबकळतात."

मग अध्यक्षांनी ताईला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का. ती उभी राहिली. ठोक्याला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

"नाही," ताई म्हणाली. "माझा भाऊ म्हणतो तर तसंच असेल."

दावा फेटाळला गेला. तिने अपील केलं नाही. सहा महिने सरले, मशीनवर चादर पडली आणि ठोक्याने बहिणीच्या घराकडे जाणारा रस्ता सोडला.

पण सरकारी काम अर्धवट राहत नाही. खांब ओढून काढल्याचं समितीसमोर सिद्ध झालं होतं, आणि सरकारी मालमत्ता मोडणाऱ्याकडून तिची किंमत वसूल करायची असा दुसरा एक नियम होता. ताईच्या नावे नोटीस निघाली. पत्ता माहीत आहे म्हणून ती हातोहात पोचवायचं काम ठोक्याकडेच आलं.

ताईने दार उघडलं. "ये," म्हणाली. बसायला सांगितलं. नोटीस शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

"मी भरेन ती रक्कम," ठोक्या म्हणाला. "ताई, तू काळजी करू नकोस."

"पोच कुठे द्यायची?"

त्याने जागा दाखवली. तिने डाव्या हाताने पेन धरून पाहिलं, ते जमेना. "अंगठा घे," ती म्हणाली. त्याने खिशातून शाईची डबी काढली, नियमाप्रमाणे बाईचा उजवा अंगठा लागतो म्हणून तिचा उजवा हात झोळीतून उचलला आणि अंगठा शाईत टेकवला. हात हलका झाला होता.

"नीट दाब," ताई म्हणाली. "उमटला नाही तर म्हणतील, हिला मिळालीच नाही. पुन्हा तुझ्यावर येईल."

त्याने सगळा जोर लावून दाबला. तिला काहीही जाणवलं नाही.