द्वारकाबाईच्या पोटातलं फडकं

साहेब, तुम्ही मला द्वारकाबाईच्या पोटात ठेवून टाके घातलेत. मला बाहेर काढायचं राहिलं आणि तुम्ही हात धुऊन जेवायला गेलात.

मित्रांनो, मी एक जुना मॉप आहे. मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं चौपदरी फडकं. माझ्या भावंडांच्या अंगात एक निळा धागा विणलेला असतो, एक्स-रेत तो लगेच दिसतो. साहेबांनी बिनधाग्याचा स्वस्त माल घेतला. मी त्यातलाच.

दोन वर्षं मी तिच्या आतड्यांना चिकटून सडलो. पू धरला. तिचं मांस माझ्यात शिरलं. पोट पुढं आलं आणि मुकुंदवाडीच्या गल्लीत कुजबुज सुरू झाली, कारण द्वारकाबाई विधवा.

"कोणाचं हाय?" तिच्या दिरानं, सर्जेरावनं, आतून कडी लावून विचारलं.

"भावजी, माझी पिशवीच काढलीय. पोर ऱ्हाईल कुठं, चुलीत?"

त्यानं लाथ घातली. ती थेट माझ्यावर बसली. दुसऱ्या लाथेला आतडं फाटलं. मित्रांनो, रक्त टिपणं हे माझं काम. त्या दिवशी ते जमलं नाही. मी आधीच गच्च भरलो होतो.

शेजारच्या आवडाबाईनं वरवंट्यानं कडी तोडली आणि तिला रिक्षात घालून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत मी दिसलो नाही. सोनोग्राफीत नुसती काळी सावली. मग तिला सीटी स्कॅनच्या मशीनमध्ये सरकवलं. डॉक्टर मेघा पडद्याशी वाकल्या. बाहेरून जाड साल, आत घड्या, घड्यांत हवेचे बुडबुडे.

"गाठ असल्या घड्या घालत नाही," त्या म्हणाल्या. "हे कापड आहे."

मला कापून काढलं, वीतभर आतड्यासकट. मेघा मॅडमनी ट्रे मागोमाग दवाखान्यात आलेल्या सर्जेरावच्या नाकाशी धरला. "घ्या, तुमच्या घराण्याची बदनामी. कोणावर गेलीय बघा." तो तिथंच ओकला.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती सुरी आली तर टाके घालण्याआधी फडकी मोजा. आणि कुणा बाईच्या पोटावर बोलण्याआधी आत काय आहे ते बघा.

आता तुम्ही, साहेब. पोट दुखतंय म्हणून ती तुमच्याकडं परत आली होती. तुम्ही पोट दाबलंत. तुमची बोटं माझ्यावर येऊन थांबली, अंमळ जास्तच थांबली. मग तुम्ही म्हणालात, "गॅस झालाय, मावशी. घरी जा."

द्वारकाबाई शुद्धीवर आलीय. तिचा एकच सवाल आहे: तेव्हा तुम्हाला कळलं होतं का नव्हतं? तोंड उघडा.