व्रणात केस रोवणारा चिमटा

"मुळाला नको गं! बाजूच्या चरबीला धर. मूळ चिरडलंस तर केस मेलाच समज!"

इस्तंबूलच्या केस रोवण्याच्या दवाखान्यात आलो त्या पहिल्याच सकाळी मी तिथल्या मुरलेल्या फिक्रियेताईंचा हा ओरडा ऐकला. नूरदाने तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकाऊ होती आणि मी तिच्या बोटांत होतो.

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, केस रोवणारा. भट्टीत भाजून, ठोकून, घासून घासून कारागिराने माझी चोच अणकुचीदार केली. माझं काम दिसायला नाजूक, पण सगळं रक्तातलं. पूर्वी डॉक्टर डोक्यामागची कातडीची पट्टीच कापून काढत आणि जखम शिवत. त्या पट्टीतले केस सुटे करून आम्ही पुढे रोवायचो. एका खेपेत भरपूर केस मिळत, पण मागे जन्माची शिवण राही. आता पोकळ पात्याने एकेक मूळ कोरून काढतात. शिवण नाही, पण हजारो भोकं. आणि हाव सुटली की मागचं रान उजाड. पुढच्या ओळीत एकेकटा केस, मागे जोड्या, प्रत्येकाचा कल शेजाऱ्यासारखा, तरच डोकं खरं वाटतं. नाहीतर बाहुलीचं.

नऊ वर्षं माझं कौतुक झालं. मग कळ दाबली की केस रोवणाऱ्या, लेखणीसारख्या पोकळ सुया आल्या आणि मी खणात पडलो. अवघड कातडी आली की मात्र नूरदाने मलाच शोधते. तशी रुस्तमची आली.

रुस्तम तेलातल्या कुस्तीचा पहिलवान. काही वर्षांपूर्वी त्याने पट्टी कापून केस रोवून घेतले होते; त्याला आठवडाही झाला नव्हता, तोच गडी अंगाला तेल माखून मैदानात उतरला. समोरच्या झेकी पहिलवानाने त्याच्या डोक्यामागे बोटं रुतवली आणि टाके टराटरा उसवले. तेलावरून रक्त ओघळलं. पुढच्या वर्षी रुस्तमने झेकीचा उजवा हात कोपरातून मोडला. डोक्यामागे मात्र दोरखंडासारखा व्रण उरला.

आता तो व्रणात केस रोवून घ्यायला नूरदानेसमोर पालथा पडला होता. सुईला घाबरतो म्हणून थोरला भाऊ याकूप त्याचा हात धरून बसला होता.

"दाट लाव हं, नूरदानेताई. जंगल उगवू दे!"

"व्रणात रक्त कमी असतं, पहिलवान. दाटी केली तर सगळेच उपाशी मरतील. आज विरळ लावते, वर्षाने भर घालू."

"रेड्यासारखा देह, अन् सुईला रडतो!" याकूप म्हणाला.

"रडू दे. दादा, इथून उठलो की थेट झेकीच्या पावाच्या दुकानात. डावा हात शाबूत आहे त्याचा अजून. केसांखालचे टाके त्या हरामखोराला दिसलेच कसे, अल्ला जाणे!"

मी व्रणात शिरलो. कातडी जोड्याच्या तळासारखी चिवट. केस आत जाईना, गेला तर रक्ताबरोबर वर उसळे. मित्रांनो, उपटलेलं मूळ फार वेळ उघड्यावर जगत नाही. त्याला ओलं ठेवा, हलक्या हाताने धरा. आणि कुणी विश्वासाने आपली जखम दाखवली, तर ती जपा.

याकूपने आपला हात सोडवून घेतला.

"झेकीला सोड," तो म्हणाला. "टाके कुठे आहेत ते मीच सांगितलं त्याला. तू जिंकलेलं मला बघवत नव्हतं, रुस्तम."